उशाची सुरी

आमच्या घरात लोखंडाला तोटा नव्हता. नळदुर्गच्या पेठेत अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीमागंच आमचं घर. विळ्या, अडकित्ते, कात्र्या, किसण्या, खलबत्ते, सगळा माल जिन्याखाली आणि मधल्या खोलीत रचलेला असायचा. पाहुणा आला की आधी त्याला पाय ठेवायला जागा करून द्यावी लागे. कुणी जोरात शिंकलं तरी कुठलं तरी झाकण घरंगळत खाली यायचं आणि अप्पा दुकानातून ओरडायचे, काय फुटलं. फुटण्यासारखं त्यात काही नसायचं, पण विचारायची सवय. हे मी आधीच सांगून ठेवते आहे, कारण घरात इतकं लोखंड असताना अव्वानं ती सुरीच का उचलली, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. तो पडायला तीसेक वर्षं लागली. मी हुशार मुलगी होते असं सगळे म्हणायचे.

अव्वा म्हणजे माझी आई. आम्ही लिंगायत, आणि सीमेजवळची आमच्यासारखी घरं अर्धी मराठीत, अर्धी कानडीत चालत. अव्वा रागावली की पूर्ण कानडीत जायची, त्यामुळं तिच्या रागाचा अंदाज घ्यायला फार कष्ट पडत नसत. स्वयंपाकघरात तिचं राज्य होतं. कडक भाकरीच्या चवडी, उखळात कुटलेली शेंगाची चटणी, करडईच्या तेलाची फोडणी, सोमवारी गव्हाची गोड हुग्गी. अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय चुलीला कुणी हात लावायचा नाही. हायवेवरच्या ढाब्यांवर संध्याकाळी मासे तळायला लागले आणि वारा पेठेकडं वळला की ती खिडक्या लावून घ्यायची, उन्हाळा असला तरी. बोरीच्या धरणातले मासे टोपलीत घेऊन विकणारी एक बाई होती. ती आमच्या गल्लीतून जाताना आवाज देत नसे, पदर सारखा करून गुपचूप निघून जाई. अव्वा तिला कधी काही बोललेली नव्हती. तरी ती तसंच करायची.

अशा घरातला माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, दुकानात न बसता हॉटेलच्या धंद्यात गेला. आधी सोलापूर, मग मुंबई, मग दुबई. अप्पा वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. पण दुबईहून पहिलं पत्र आलं आणि त्यावरचं तिकीट पेठेत चार जणांना दाखवून झालं, तेव्हा त्यांचा राग निवळला. हॉटेलात काय करतोस, असं विचारल्यावर अण्णानं लिहिलं होतं की भाजी चिरतो. अप्पांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, एवढ्या लांब जाऊन भाजीच चिरायची तर इथं काय वाईट होतं. मात्र गिऱ्हाइकांना ते सांगायचे की मुलगा मोठ्या हॉटेलात आहे, सगळी भाजी त्याच्या हाताखालून जाते.

सहा वर्षांनी तो घरी आला. माझी थोरली बहीण, अक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. अण्णा बारीक झाला होता, हळू बोलायला लागला होता, आणि त्याचे हात इतके स्वच्छ होते की मला माझे हात ओढणीखाली लपवावेसे वाटले. त्यानं अव्वाला शाल आणली, अप्पांना घड्याळ, अक्काला आणि मला अत्तराच्या बाटल्या. बॅगेच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली, पांढऱ्या लाकडाच्या म्यानातली एक सुरी होती. हातभर लांब, पण बोट-दीड बोटच रुंद. मुठीजवळ पोलादावर दोन जपानी अक्षरं कोरलेली. अप्पांनी ती ताबडतोब ताब्यात घेतली, उजेडात धरली, नखावर धार पाहिली आणि हसायला लागले. तिला एकाच बाजूला धार होती. दुसरी बाजू सपाट. अप्पा म्हणाले, तुझ्या जपान्यांना दुसरी बाजू करायला वेळ मिळाला नाही वाटतं, आण इकडं, आपल्या शिकलगाराकडून करून घेऊ. अण्णानं इतक्या घाईनं सुरी परत घेतली की अप्पा दचकले. मग तोही हसला आणि म्हणाला, असू द्या, ती तशीच असते. कशाला वापरतोस, तर फळं कापायला.

रोज उजाडायच्या आधी तो मागच्या अंगणात जायचा. तिथं आमचा धुण्याचा मोठा दगड होता. पाण्यात भिजवलेली एक गुळगुळीत सहाण त्यावर ठेवून अण्णा सुरी परजत बसायचा. जोरात नाही, घाईनं नाही. लांब ओढलेला एक आवाज, मध्ये पाणी शिंपडायला थांबणं, पुन्हा तोच आवाज. आमचं घर एवढं आवाजाचं, पण हा आवाज त्यातला नव्हता. मी अंथरुणात पडून मोजायची, आणि अव्वा चुलीपुढं हात थांबवून ऐकत असायची. अण्णा उठून गेल्यावर धुण्याच्या दगडावर राखाडी पाण्याचा ओला डाग राहायचा.

एका सकाळी मी त्याच्याजवळ जाऊन बसले. त्यानं काकडी घेतली, सुरीची टाच टेकवली आणि टोकापर्यंत एकदाच ओढली. पुन्हा, पुन्हा. काकडी होती तशीच दिसत होती. त्यानं बोट लावलं तेव्हा ती पानासारख्या चकत्यांत आडवी झाली. मी हात पुढं केला तेव्हा त्यानं मला मूठ धरायला शिकवली आणि म्हणाला की दाबायचं नाही, फक्त ओढायचं, दाबलं की मांस चिरडतं. मी विचारलं, कशाचं मांस. तो थोडा वेळ सुरी पुसत राहिला आणि त्यानं सांगून टाकलं. तो भाजी चिरत नव्हता. हॉटेलात जपानी जेवणाचा वेगळा भाग होता. तिथं त्याच्या उस्तादानं तीन वर्षं त्याच्याकडून नुसते तांदूळ धुऊन घेतले आणि मग ही सुरी हातात दिली. ती फक्त माशाची. मासा कच्चाच खातात, त्यामुळं काप असा हवा की माशालाही कळू नये.

मला किळस आली, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. सतरा वर्षांच्या मुलीच्या पोटात दोन्ही एकाच वेळी मावतं. मी विचारलं, तू खातोस का. तो म्हणाला, चव घ्यावी लागते. मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, “अप्पाला बोलू नगंस, नंदे. त्यांचं जेवण जाईल.” मी शपथ घेतली. त्यानं फक्त अप्पांचं नाव घेतलं होतं. मी त्यात अव्वालाही धरून टाकलं.

अक्काला मुलगा झाला. गावातल्याच दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी घरीही आली. मधली खोली मोकळी करून तिची बाज टाकली. शेगडीवर ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, सगळ्या घराला बाळंतिणीचा वास. स्वामी येऊन बाळाच्या गळ्यात लिंग बांधून गेले. आमच्याकडं बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवतात. आई आणि बाळ कच्चे असतात, त्यांच्यावर कशाचीही सावली पडू नये म्हणून. कुणी विळा ठेवतं, कुणी अडकित्ता. अप्पांनी दुकानातून कोरा अडकित्ता काढून आणला, पितळी घुंगरांचा. अव्वानं तो बाजूला ठेवला, अण्णाच्या बॅगेतून सुरी काढली, म्यानासकट कपाळाला लावली आणि अक्काच्या उशीखाली सरकवली. “माझ्या लेकाच्या हातचं लोखंड हाय,” ती म्हणाली. “ह्याच्या म्होरं कोण येतंय बघू.”

अण्णा दारात उभा होता. त्याचा चेहरा उतरला आणि मी पटकन मान खाली घातली. मला वाटलं, तो आता काहीतरी निमित्त काढेल. त्यानं काढलं नाही. मी घरभर वाट्या हलवत, धुणं गोळा करत फिरत राहिले, आणि जितक्या वेळा त्या उशीकडं पाहिलं तितक्या वेळा माझ्या नाकाला माशांचा, नसलेला वास आला.

चौथ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. आधी डोळे, मग गाल. दूध ओढेना, नुसतं झोपायला लागलं. शेजारणी म्हणाल्या, कोवळ्या उन्हात धरा. धरलं. अण्णानं संध्याकाळी बाळाची छाती बोटानं दाबून पिवळेपणा पाहिला आणि म्हणाला, हे ठीक नाही, सोलापूरला नेऊ, मी जीप सांगून येतो. तो खरंच सांगूनही आला. अव्वा आडवी आली. उद्या पाचवी. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहिणार, आणि बाळच घरात नसेल तर ती कुणाच्या कपाळी लिहील? पाचवी झाल्याबरोबर न्या, एका दिवसानं काय होतंय. अण्णा तीनदा बोलला. अप्पा दोघांच्या तोंडाकडं बघत राहिले आणि शेवटी दुकानात जाऊन बसले. जीपवाला दारात थांबून, चहा पिऊन परत गेला.

पाचवी झाली. दिवेलागणीला पाटा-वरवंटा मांडला, कोरा कागद आणि पेन ठेवलं, पाट्यावर ती सुरी म्यानातून काढून ठेवली आणि अव्वानं तिला हळदकुंकू वाहिलं. पोलादावरच्या त्या परक्या अक्षरांवर कुंकू पडलेलं मला आजही दिसतं. बाळाला पाया पडायला पाट्याजवळ धरलं तेव्हा त्यानं डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघाली. पुढं अण्णा, मागं अक्का, अव्वा आणि बाळ. सोलापूरच्या अर्ध्या वाटेतूनच ती परत आली.

मी आज आजी आहे. नातवंडांना कावीळ झाली की निळ्या दिव्याखाली ठेवतात आणि दोन दिवसांत घरी पाठवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सुनेच्या उशाशी मी अडकित्ता ठेवते आणि दवाखान्याची फाईलही ठेवते. पण त्या दिवसांत आमच्या घरात कुणाला काही नीट ठाऊक नव्हतं, एकट्या अण्णाला थोडं ठाऊक होतं, आणि त्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

पुरून आल्यावर अव्वा भिंतीला टेकून बसली ती उठेना. भाकरी नाही, पाणी नाही. अप्पा आयुष्यात कधी बायकोला वर तोंड करून बोलले नव्हते, ते म्हणाले, तुझ्या हट्टानं गेलं पोर. एकदाच म्हणाले, पण पुरलं. तिसऱ्या दिवशी अक्काची सासू आली आणि बाहेरच्या खोलीत बसून एकच विचारत राहिली, जीप दारात आली होती म्हणतात, मग अडवलं कुणी? भिंतीपलीकडं अव्वा पुटपुटत होती, म्या अडवलं, म्या. तिचे ओठ फुटले होते. सकाळी ती मागच्या अंगणातल्या आडाच्या काठाशी नुसतीच उभी राहिलेली मी पाहिली होती. माझी आई मरणार, असं मला स्पष्ट दिसलं. तिच्या अंगावरचं ते ओझं कसंही करून काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी तिच्यापुढं बसले आणि म्हणाले, “अव्वा, तुझं काय न्हाय चुकलं. ती सुरी फळांची न्हाय. अण्णा तिनं मासं कापतो. तीच उशाला व्हती.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं पाणी मागितलं. मी तांब्या दिला आणि ती तो घटाघटा प्यायली. मला इतकं हायसं वाटलं की मी रडले. तोंड पुसून ती उठली, भिंत धरत बाहेरच्या खोलीत गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “ह्यो त्या सुरीनं मासं कापत व्हता. आन् ती माझ्या नातवाच्या उशाला ऱ्हायली. ह्यानं सांगितलं न्हाय.”

अप्पांनी विचारलं, खरं आहे का. अण्णा म्हणाला, “व्हय अप्पा.” त्याच्यापुढं एक शब्द नाही. जीप मी आणली होती, तीनदा सांगितलं होतं, यातलं काही नाही. मी दाराआड उभी होते. शपथ मोडणारी मी, तेव्हा तो माझ्याकडं बघेल म्हणून मी अंग चोरलं. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. तो अव्वाकडं बघत होता. तिनं मान खाली घातली तरी बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो गेला. अव्वानं उठून त्याला भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. तो तिच्या पाया पडला, पुडकं घेतलं. सहाण त्याच्या बॅगेत होती. सुरी अप्पांनी ठेवून घेतली होती. घरातलं कुणी तिला शिवायला तयार होईना, म्हणून ती माझ्या हातात दिली आणि बोरीत टाकून यायला सांगितलं. मी किल्ल्याच्या बाजूनं नदीपर्यंत गेले, काठावर बसले आणि परत आले. ओढणीत गुंडाळलेली सुरी ज्वारीच्या कणगीत खोल खुपसली. टाकली, असं सांगितलं. लग्नानंतर ती माझ्या ट्रंकेतून धाराशिवला आली. ती अजून माझ्याकडं आहे.

अण्णा पुन्हा आला नाही. वर्षातून एक पत्र यायचं, अव्वाच्या नावानं. ती मला वाचायला लावायची. त्यात हवा, तब्येत, भाव. दोषाचा एक शब्द नसायचा आणि येतो असंही नसायचं. अप्पा गेले तेव्हा तार पोचली की नाही कळलं नाही. मग पत्रंही थांबली. पण तो गेल्यापासून उजाडायच्या आधी मला मागच्या अंगणातून तो आवाज यायचा. लांब ओढलेला, मध्ये थांबणारा. मी उठून बघायची. धुण्याचा दगड कोरडा असायचा. चुलीपुढं अव्वाचा हात थांबलेला असायचा, आणि आम्ही दोघी एकमेकींना काही विचारत नसू. धाराशिवच्या घरात ना ते अंगण आहे ना तो दगड, तरी तो आवाज माझ्यामागं इथं आला. नवरा म्हणायचा, टाकीचा पाइप वाजतो. मी हो म्हणायची.

शेवटची दोन वर्षं अव्वा माझ्याकडं होती. नजर गेली होती, कान मात्र तिखट. एका पहाटे मी तिला पाणी द्यायला उठले तर ती जागीच होती. म्हणाली, “तुलाबी ऐकू येतंय न्हवं, नंदे? दगडावरचं?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी म्हणाले, “येतंय, अव्वा.” आणि मग मला आवरेना. मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. सुरी नदीत टाकली नाही. अण्णाची शपथ मी मोडली. माझ्यामुळं तो गेला, माझ्यामुळं तुझा मुलगा तुला दिसला नाही.

ती हातानं चाचपडत माझ्या डोक्यापर्यंत आली. “तुझ्यामुळं न्हाय गं. मला ठाव व्हतं,” ती म्हणाली. “आला त्या दिशीच सांगितलं व्हतं त्यानं, चुलीम्होरं बसून. म्या म्हणलं, पोटासाठी करतोस, शिवाला समजतंय. म्हणून तर तीच उशाला ठिवली. त्याचं लोखंड द्येवाम्होरं यावं म्हणून.”

मी विचारलं, मग त्या दिवशी सगळ्यांसमोर तसं का बोललीस.

तिनं माझ्या डोक्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, “तू दिलंस आन् म्या घेतलं. मला जगायचं व्हतं, नंदे.”

त्यानंतर महिन्याभरात ती गेली. तिच्यावर मला राग आला का, असं मी स्वतःला विचारून पाहिलं आहे. येतो. आणि राग आला की तिचे फुटलेले ओठ डोळ्यांपुढं येतात, रिकामा झालेला तांब्या येतो, आणि तो तांब्या मीच पुढं केला होता. अण्णाची ती नजर मी तीस वर्षं रागाची समजत होते. तो आपल्या आईला ओळखीच्या नजरेनं विचारत होता, तुला तर सांगितलं होतं ना. उत्तर मिळालं नाही तेव्हा त्यानं सगळं स्वतःकडं घेतलं आणि भाकरीचं पुडकं घेऊन एसटीत बसला. त्याच्या शेवटच्या पत्त्यावर मी हे सगळं लिहून पाठवलं. पाकीट तसंच परत आलं, वर परक्या लिपीत काही शिक्का होता.

सुरीला गंज चढू नये म्हणून दर श्रावणात मी करडईचं तेल लावते. तिनं मी काही कापलेलं नाही. धार करायला कुणाकडं देत नाही, कारण इथला कुठलाही शिकलगार चांगल्या मनानं तिची दुसरी बाजूही करून टाकील. अव्वा गेल्यावर आवाज थांबेल, असं मला वाटलं होतं. थांबला नाही. गेल्या वर्षी भाचा, अक्काला पुढं झालेला मुलगा, नळदुर्गचं घर पाडायला निघाला तेव्हा मी हट्टानं तो धुण्याचा दगड इथं आणवून मागच्या गॅलरीत ठेवून घेतला. सून म्हणते, आई, गॅलरीत धड पाय ठेवायला जागा नाही. खरंच नाही. पहाटे आवाज आला की मी दार उघडते आणि वाकून दगडावर तळहात ठेवते. कोरडाच असतो. तरी रोज हात लावून बघते.